ऑफिसात ‘ड्रम सर्कल’, गावात ढोल-ताशा : एकत्र वाजवल्याने माणसं खरंच जोडली जातात का?

पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांच्या ‘टीम बिल्डिंग’च्या दिवशी एक खेळ हमखास दिसू लागलाय. हॉलमध्ये खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि प्रत्येक खुर्चीसमोर एक ड्रम. अकाउंट्सवाला, टेस्टिंगवाली, एचआर, मॅनेजर असे सगळे एका रांगेत नाही, तर एका वर्तुळात बसतात. मधोमध उभा असलेला माणूस हाताने इशारे करतो. पहिली पाच मिनिटं नुसता गोंगाट असतो. अर्ध्या तासात त्याच गोंगाटाचा ठेका झालेला असतो. फोटो निघतात, लिंक्डइनवर पोस्ट पडते.

यालाच ‘ड्रम सर्कल’ म्हणतात. ताण कमी होतो, टीम घट्ट होते, लाजरी माणसं मोकळी होतात, असे बरेच दावे त्याबद्दल केले जातात. त्यातलं खरं किती आणि जाहिरात किती?

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला आणखी एक प्रश्न पडेल. शेगावची पालखी, गावातलं खंजिरी भजन, गणपतीचं ढोल पथक हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहेच, मग यात नवीन काय? एकेक मुद्दा समजून घेऊ.

ड्रम सर्कल म्हणजे नेमकं काय?

वाद्य न येणाऱ्यांनी एकत्र बसून तालवाद्य वाजवायचं, एवढी सोपी कल्पना आहे. प्रेक्षक नसतात, स्टेज नसतं, तालीम नसते. बहुतेक ठिकाणी पश्चिम आफ्रिकेतलं ‘जेंबे’ हे हाताने वाजवायचं वाद्य वापरतात. त्याला काठी लागत नाही आणि पहिल्या थापेलाच बरा आवाज निघतो. सोबत खुळखुळे, घंटा किंवा वेगवेगळ्या लांबीच्या रंगीत प्लास्टिकच्या नळ्या असतात.

मधल्या माणसाला ‘फॅसिलिटेटर’ म्हणतात. त्याचं काम शिकवण्याचं कमी आणि जुळवण्याचं जास्त असतं. कोणत्या गटाने थांबायचं, कोणी हळू वाजवायचं, कोणी एकट्याने वाजवून दाखवायचं, हे तो इशाऱ्याने सांगतो. चांगला फॅसिलिटेटर हळूहळू स्वतः बाजूला होतो आणि वर्तुळ आपलं आपण चालू राहतं.

ही कल्पना आली कुठून?

तिची मुळं अमेरिकेत आहेत आणि त्याच्याही मागे आफ्रिकेत. नायजेरियात जन्मलेले ढोलवादक बाबाटुंडे ओलाटुंजी यांचा ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ हा अल्बम १९६० मध्ये आला आणि आफ्रिकी ताल अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचला. पुढच्या दोन दशकांत तिथल्या बागांमध्ये, समुद्रकिनाऱ्यांवर हौशी लोक वर्तुळ करून वाजवू लागले.

१९९१ मध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट यांनी अमेरिकन सिनेटच्या वृद्धांविषयीच्या समितीपुढे साक्ष दिली. एकत्र ताल धरल्याने म्हाताऱ्या माणसांचं एकटेपण कमी होऊ शकतं, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच काळात आर्थर हल यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी फॅसिलिटेटर तयार करायला सुरुवात केली. तिथून हा प्रकार शाळा, दवाखाने, पुनर्वसन केंद्रं आणि मग कंपन्यांपर्यंत गेला. भारतात तो आयटी शहरांच्या वाटेने आला.

मग बुलढाण्यासाठी यात नवीन काय?

वाजवण्यात नवीन काहीच नाही. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत कुठेही जा, एकत्र ताल धरण्याची एखादी रीत सापडतेच.

शेगावच्या संत गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीसाठी पायी पंढरपूरला जाते. परतीच्या शेवटच्या टप्प्यात, खामगाव ते शेगाव वाटेवर, लाखो भाविक तिच्यासोबत चालतात. ही पालखी शिस्तीसाठी ओळखली जाते. दिंडीची रचना बघा. पुढे पताका, मग दोन्ही बाजूंनी टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्याजवळ मृदंग आणि मागे वीणेकरी. पावली खेळताना शेकडो पावलं एकाच वेळी उचलली जातात, ती मृदंगाच्या थापेवर. कुणी ‘वन, टू, थ्री’ म्हणत नाही.

विदर्भाची दुसरी देणगी म्हणजे खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीवरच्या भजनातून ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, श्रमदान हे विषय गावोगाव नेले. गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजनं आजही आपल्याकडे होतात. हातभर वाद्य, खिशाला परवडणारं, उचलायला हलकं. गटाने वाजवण्यासाठी याहून सोयीचं वाद्य शोधून सापडणार नाही.

त्याशिवाय पोळ्याला डफडं, शाळेच्या कवायतीत लेझीम, १२ जानेवारीला सिंदखेड राजात जिजाऊ जन्मोत्सवाचा जल्लोष आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या आदिवासी वस्त्यांमध्ये होळीचे ढोल वाजतात. खामगावात मानाच्या लाकडी गणपतीमागून निघणारी विसर्जन मिरवणूक असतेच.

नवीन आहे ती दुसरी गोष्ट. ड्रम सर्कलमध्ये निमित्त देवाचं किंवा सणाचं नसतं, निमित्त माणसांचंच असतं. वाजवून झाल्यावर ‘आपल्यात काय घडलं?’ यावर बसून बोलतात. आपल्या रीतींमध्ये हे बोलणं सहसा होत नाही.

ढोल पथक टीम कशी घडवतं?

आज दिसणाऱ्या शिस्तबद्ध ढोल-ताशा पथकांचा साचा पुण्यात घडला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्यांची पथकं उभी केली, पुढे इतर शाळांची आणि माजी विद्यार्थ्यांची पथकं आली. आता तो साचा राज्यभर पसरलाय, आणि पथकांमध्ये मुलींचा वाटाही मोठा आहे.

पथक बाहेरून आवाजाचा डोंगर वाटतं, आतून ती कामाची वाटणी असते. ताशा बारीक, वेगवान आवाजात ठेका ठरवतो आणि बदलाचा इशारा देतो. ढोल त्याला उत्तर देतात. टोल आणि झांज लय बांधून ठेवतात. पुढे ध्वज नाचतात. कडेने स्वयंसेवक साखळी करून गर्दी आवरतात. कुणी पाणी देतं, कुणी ढिला पडलेला ढोल ताणून देतं. गणपतीआधी दीड-दोन महिने रोज सराव चालतो. कमरेला साताठ किलोचा ढोल बांधून तासभर उभं राहण्याची सवय एका दिवसात होत नाही.

इथे थोडं गणित बघा, कारण पथकात एकमेकांकडे बघणं का गरजेचं असतं ते त्यातून कळतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथक ३४ मीटर लांब असेल तर पहिल्या रांगेतल्या ताशाचा आवाज शेवटच्या रांगेला ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोके असा ठेका असेल तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. म्हणजे मागचा वादक नुसत्या कानावर विसंबला, तर तो ठोक्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा मागे पडणार. म्हणून अनुभवी वादक कानासोबत डोळे वापरतो. तो पुढच्याचा हात बघतो, पथकप्रमुखाचा इशारा बघतो. दिंडीत मृदंग टाळकऱ्यांजवळ असतो, त्याचाही असाच उपयोग होतो. ठेका देणारा जवळ असला की आवाजाला कमी अंतर कापावं लागतं.

ऑफिसात काय वेगळं घडतं? मुख्य कार्यालयातला निर्णय तालुक्याच्या शाखेत ‘उशिरा ऐकू’ येतो, आणि मग शाखेवर आळशीपणाचा ठपका बसतो.

एकत्र वाजवल्यावर आपल्यात काय होतं?

लय जुळणं हा निसर्गाचाच गुण आहे. १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांना दिसलं की एकाच आधाराला टांगलेल्या दोन लंबक घड्याळांचे झोके काही वेळाने आपोआप जुळतात. आधारातून जाणारी बारीक कंपनं त्यांना जोडत होती. माणसांत हे काम कान, डोळे आणि समोरच्याचा अंदाज घेण्याची क्षमता करते.

मानसशास्त्रज्ञ सेबास्टियन कर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ मध्ये अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना माणसासोबत, यंत्रासोबत आणि नुसत्या आवाजासोबत ढोल वाजवायला दिला. माणसासोबत त्यांचा ठेका सगळ्यात चांगला जुळला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी दाखवलं की पावलात पाऊल टाकून चाललेले लोक नंतरच्या खेळात एकमेकांना जास्त सहकार्य करतात.

२०११ मधला एक प्रयोग जास्त बोलका आहे. त्यात सहभागी व्यक्तीने संशोधकासोबत ड्रम वाजवला. नंतर त्या संशोधकाच्या हातून मुद्दाम पेन्सिली पाडल्या. ज्यांचा ठेका जुळला होता आणि ज्यांना तो सहज जमला होता, त्यांनी उचलायला जास्त मदत केली. ठेका ज्यांना जड गेला, त्यांच्यात हा परिणाम तसा दिसला नाही. वर्कशॉप घेणाऱ्याने ‘सहज जमला’ हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. अवघड ताल देऊन लोकांना लाजवलं तर सगळी मेहनत वाया जाते.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. गाणं, नाचणं, ढोल वाजवणं यानंतर माणसाची वेदना सहन करण्याची क्षमता वाढते. नुसतं संगीत ऐकल्याने तसं होत नाही. शरीरात एंडॉर्फिन ही रसायनं स्रवल्याची ती खूण मानली जाते. मिरवणुकीत चार तास ढोल वाजवणाऱ्याला हाताचे फोड घरी गेल्यावर का दुखतात, त्याचं उत्तर बहुधा इथे आहे.

मग दावे कुठे फुगवले जातात?

तीन ठिकाणी.

पहिलं, आरोग्याचे दावे. २००१ मध्ये डॉ. बॅरी बिटमन यांच्या गटाने १११ निरोगी लोकांवर अभ्यास केला आणि सामूहिक ढोलवादनानंतर ताण व प्रतिकारशक्तीशी संबंधित काही मोजमापं बदललेली दिसली. पण तो एका सत्रानंतरचा, थोड्या वेळाचा परिणाम होता. त्यावरून ‘ड्रम वाजवा, आजार पळवा’ असं म्हणता येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार लंडनमध्ये मानसिक आरोग्य सेवा घेणाऱ्या लोकांसोबत दहा आठवड्यांचा उपक्रम झाला आणि नैराश्य, चिंता कमी झाल्याचं नोंदलं गेलं. हा अभ्यास आशादायक आहे, पण छोटा आहे. आणि तिथे लोक दहा आठवडे, दर आठवड्याला येत होते. एका दुपारच्या कार्यक्रमाकडून तेवढी अपेक्षा ठेवणं चूक. औषधं चालू असतील तर ती ढोलासाठी बंद करायची नाहीत, हे सांगायला नको.

दुसरं, टीमचे दावे. पगार वेळेवर होत नाही, रजा मिळत नाही, वरिष्ठ चारचौघांत अपमान करतात, असं असेल तर जगातला कोणताही ठेका ती टीम जोडू शकत नाही. उलट ‘आमचा पैसा ड्रमवर उडवला’ अशी चीड येते. वर्कशॉपने चांगल्या नात्याला उजाळा मिळतो, बिघडलेलं नातं त्याने दुरुस्त होत नाही.

तिसरं, एकजूट म्हणजे नेहमी चांगलंच असं मानणं. विल्टरमथ यांच्याच २०१२ मधल्या प्रयोगात, ज्याच्यासोबत पाऊल जुळवून चाललो त्याने सांगितल्यावर लोक किडे मारण्याचं काम जास्त मुकाट्याने करताना दिसले. म्हणजे ताल माणसांना जोडतो, पण कशासाठी जोडायचं ते ताल ठरवत नाही. त्याच ढोलावर वारीही निघते आणि दुसऱ्याच्या दारासमोर मुद्दाम थांबणारी मिरवणूकही. म्हणून वाजवून झाल्यावरचं बोलणं महत्त्वाचं ठरतं.

‘स्वतःला व्यक्त करणं’ सगळ्यांसाठी सारखंच असतं का?

नाही. आणि ही गोष्ट शहरातून येणाऱ्या फॅसिलिटेटरला बहुतेक वेळा माहीत नसते.

आपल्या गावांत डफडं, हलगी वाजवणं ही पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींवर लादलेली चाकरी होती. लग्नाची वरात, पोळा, अंत्ययात्रा, दवंडी या सगळ्याला वाजवणारा हवाच असे. पण मांडवात जेवायला बसताना त्याची जागा बाहेर. ज्या वाद्यावर अख्खं गाव नाचायचं, ते गळ्यात असणं हीच हलकेपणाची खूण मानली जायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशी लादलेली कामं सोडून देण्याचं आवाहन केलं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या असंख्य घरांनी अशी चाकरी मागे टाकली. त्यांच्यासाठी न वाजवणं हेच व्यक्त होणं होतं.

आज चित्र बदललंय. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीला आणि १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंतीला तरुण मुलं-मुली आपल्या मर्जीने, आपल्या अभिमानासाठी वाजवतात. वाद्य एकच असलं तरी हुकमावरून वाजवणं आणि हौसेने वाजवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मुलींच्या बाबतीतही असंच. ‘मुलींनी कशाला रस्त्यात ढोल बडवायचा?’ हा प्रश्न अजून पुरता संपलेला नाही. ज्या मुलीला घरी मोठ्याने बोलायची सोय नाही, तिला चारचौघांत हवा तेवढा मोठा आवाज करायची परवानगी मिळते. तिच्यासाठी ही नुसती करमणूक नसते.

म्हणून वर्कशॉपमध्ये कुणाच्याही हातात वाद्य जबरदस्तीने देऊ नये. ‘अरे, तुझ्या तर रक्तातच आहे’ असं कुणाच्या जातीकडे बघून तर कधीच बोलू नये. न वाजवता वर्तुळात बसण्याचा हक्क प्रत्येकाला हवा.

कानांचं काय? आवाजाचं गणित समजून घ्या

इंजिनीअरिंगला असताना गॅदरिंगच्या मिरवणुकीत मी तीन तास ताशा वाजवला होता. रात्री झोपताना कानात बारीक शिट्टी वाजत होती. दोन दिवसांनी ती थांबली, म्हणून विसरलो. ती शिट्टी म्हणजे कानातल्या नाजूक पेशींवर ताण आल्याचा इशारा असतो, हे फार उशिरा वाचलं. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला ही मर्यादा आठवड्याला ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला फक्त २० मिनिटांवर. आता पुण्याकडे बघा. तिथल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी अनेक वर्षं लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत आवाज मोजतात. त्यांची सरासरी बऱ्याच वर्षी ९० ते १०० डेसिबलच्या घरात, तर काही वर्षी १०० च्याही पुढे गेली आहे.

डेसिबलची मोजपट्टी साधी बेरीज करत नाही, तिथेच लोक फसतात. ढोलांची संख्या दुप्पट केली की आवाज साधारण ३ डेसिबल वाढतो. दहापट केली की १० डेसिबल. उलट, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतो. म्हणजे १०० चे ५० ढोल करून जेवढं साधतं, त्याहून जास्त फायदा पाच मीटरवरच्या माणसाला दहा मीटरवर नेल्याने होतो. अरुंद गल्लीत किंवा बंद हॉलमध्ये मात्र भिंतींवरून आवाज परत येतो आणि हा फायदा घटतो.

म्हणून तीन गोष्टी पाळा : बंद खोलीत मोठे ढोल नकोत, दर पंधरा-वीस मिनिटांनी शांततेची सुट्टी हवी आणि ताशाजवळ उभ्या असणाऱ्यांनी मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग लावावेत. लहान बाळ, गरोदर महिला, कानाचं मशीन लावणारे आणि मोठ्या आवाजाने बिथरणारी माणसं यांना दूर बसवा. मोबाईलवरचं आवाज मोजणारं अॅप अचूक नसलं तरी अंदाज देतं.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे ढोलालाही लागू आहेत, फक्त डीजेला नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत, ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. ते दिवस प्रशासन जाहीर करतं.

पथकाच्या आकारावरही वाद झाला आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ढोल-ताशा-झांज पथकात ३० पेक्षा जास्त जण नकोत, असा आदेश दिला. पथकं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी या मर्यादेला स्थगिती मिळाली. वरचं गणित लावून बघा. १२० ऐवजी ३० ढोल केले तर आवाज साधारण ६ डेसिबल घटतो. फरक पडतो, पण अंतर आणि वेळ पाळली नाही तर तेवढ्याने भागत नाही.

शाळेत, बँकेत, बचत गटात करायचं तर?

जेंबे लागत नाही आणि शहरातून माणूस आणायचीही गरज नाही. खंजिरी, टाळ, डफ, लेझीम, काहीच नसेल तर तेलाचा रिकामा डबा आणि पाण्याचा रिकामा जार चालतो. वीस-पंचवीस जण, एक तास, मोकळी जागा आणि सकाळची वेळ. क्रम असा ठेवता येईल :

• पहिली ५ मिनिटं : वाद्य बाजूला. सगळ्यांनी मिळून फक्त टाळ्यांवर एक ठेका धरायचा.

• पुढची १० मिनिटं : एकाने चार ठोके वाजवायचे, बाकीच्यांनी तसेच परत द्यायचे. पाळी गोल फिरते. नको असेल त्याने ‘पुढे’ म्हणायचं, कुणी हसायचं नाही.

• पुढची १५ मिनिटं : दोन गट करा. एका गटाने ‘खाम-गाव’ म्हणत दोन ठोके, दुसऱ्याने ‘मल-का-पूर’ म्हणत तीन ठोके, एकाच वेगात, न थांबता. आधी सगळं विस्कटतं. मग लक्षात येतं की दर सहाव्या ठोक्यानंतर दोन्ही गावं एकत्र सुरू होतात. दोघांचे हिशेब वेगळे असले तरी भेटायची जागा ठरलेली असते. लसावि शिकवायचा हा मार्ग गणिताच्या शिक्षकांनाही आवडेल.

• पुढची १० मिनिटं : आवाज कमी करत अगदी कुजबुजीइतका आणा, मग पूर्ण थांबा. मोठ्याने वाजवणं कुणालाही जमतं, हळू वाजवताना एकमेकांना ऐकावंच लागतं.

• शेवटची २० मिनिटं : वाद्य खाली. कोण पुढे होतं? कुणाचा आवाज दबला? चुकल्यावर कुणी सांभाळून घेतलं? साहेबांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं.

हा शेवटचा भाग गाळला तर जे उरतं ते गॅदरिंग असतं, वर्कशॉप नाही.

आणखी एक. ठेका शिकवायला गावातल्या खंजिरी, मृदंग, हलगी वाजवणाऱ्या कलावंताला बोलवा. त्याला नारळ-शाल देऊन मोकळं होऊ नका. मानधन आधी ठरवा, त्याच दिवशी द्या आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रशिक्षक’ म्हणून त्याचं नाव छापा. शहरातल्या फॅसिलिटेटरला आपण तासाचे पैसे देतो, तर ज्याच्या घरात ही विद्या पिढ्यांपासून आहे त्यालाही द्यायला हवेत.

थोडक्यात उत्तर काय?

एकत्र वाजवल्याने माणसं जवळ येतात, याला प्रयोगांचा आधार आहे. ती किती दिवस जवळ राहतात, ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय घडतं त्यावर ठरतं. पालखी शेगावला परतते तेव्हा टाळकरी महिनाभराहून जास्त काळ सोबत चाललेले असतात. एकमेकांचं पाऊल, थकवा, खोकला ओळखायला लागलेले असतात. एका तासाच्या वर्कशॉपमध्ये तेवढं होणार नाही. पण शेजारच्या टेबलवरच्या ज्या माणसाशी वर्षभरात फक्त ‘फाइल पाठवा’ एवढंच बोलणं झालं, त्याचा ठेका चुकला तर आपण आपला वेग थोडा कमी करू शकतो, एवढं त्या तासात नक्की कळतं. सुरुवातीला तेवढं पुरे आहे.